कयाक नको, पत्र्याची होडी घ्या

मिनेसोटात आलेल्या मराठी माणसाला इथला हिवाळा पहिल्याच वर्षी कळतो. इथला उन्हाळा पाण्यावर घालवायचा असतो, हे कळायला मात्र तीन-चार वर्षं जातात. एकदा कळलं की आपला आयटीवाला लगेच रिसर्चला लागतो. स्प्रेडशीट उघडते आणि त्यात दोन रकाने पडतात, एक कयाकचा आणि एक अल्युमिनियमच्या छोट्या होडीचा. किंमत, वजन, ठेवायला जागा, कारवर मावते का, वगैरे वगैरे. बहुतेक वेळा कयाक जिंकते. मंडळाच्या पिकनिकला हा विषय निघाला की पाचजण एका सुरात "अरे, कयाकच घे" म्हणतात. मी सहावा. मला ती स्प्रेडशीटच चुकीची वाटते, कारण त्यात एक रकाना कुणीच टाकत नाही: होडीत तुमच्याबरोबर कोण बसणार?

आधीच सांगतो, कयाकशी माझं वैर नाही. छोट्या नदीत, गवताळ उथळ पाण्यात, दोन झाडांच्या फटीतून आत शिरायचं असेल तर कयाकला तोड नाही. उत्तरेला बाउंड्री वॉटर्सच्या बहुतेक तलावांवर १९७८च्या कायद्याने मोटरला बंदी आहे, तिथे पत्र्याची होडी घेऊन काय करणार? पण ज्याने आजवर गळ हातात धरलेला नाही, ज्याच्या घरात एक पोर आहे आणि ज्याचे आईबाबा दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात येतात, त्याने पहिली होडी म्हणून कयाक घेणं म्हणजे पैसे मोजून एकटं पडणं आहे.

पैशांचंच आधी बघू, कारण तिथेच आपली सगळ्यात जास्त फसगत होते. "कयाक स्वस्त" हे खरं आहे, पण ते चारशे डॉलरच्या साध्या प्लास्टिकच्या कयाकबद्दल. तिच्यात बसून मासे धरायला लागलं की दोन्ही हातात वल्हं असताना गळ कुठल्या हाताने धरायचा हा प्रश्न पडतो. मग पायांनी चालवायची पेडलवाली हवी. (ती सोय हॉबी कंपनीने १९९७ साली आणली, आणि कल्पना झकास आहे यात वाद नाही.) मग उंच खुर्ची, फिशफाइंडर, त्याची बॅटरी, गळ खोचायच्या नळ्या. चांगली पेडल कयाक आज तीन-चार हजार डॉलरच्या घरात जाते, आणि वरच्या मॉडेलला चारही पुरत नाहीत. तेवढ्यात, पुष्कळदा त्याहून कमीत, ट्रेलर आणि जुन्या आउटबोर्डसकट चौदा फुटी सेकंडहँड होडी मिळते.

आणि वजन? अशी नटलेली कयाक ४५ ते ६० किलो भरते. साधी बारा फुटी जॉन बोट, म्हणजे सपाट बुडाची अल्युमिनियमची होडी, साधारण तेवढीच. ६० किलोचं प्लास्टिकचं धूड एकट्याने कारच्या टपावर चढवून बघा एकदा. दुसऱ्या उन्हाळ्यात हीच मंडळी कयाकसाठी ट्रेलर शोधताना दिसतात. ट्रेलरच घ्यायचा होता तर मग, असो.

कयाक विकताना दुकानदार जी 'आदिम, निसर्गाशी एकरूप' छापाची भाषा वापरतो, तिची मला गंमत वाटते. कयाक ही आर्क्टिकमधल्या लोकांची वस्तू. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, आणि माप? शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचं. शिंप्याने सदरा बेतावा तशी ती बेतलेली असे. उलटली तर बाहेर न पडता वल्ह्याच्या एका फटक्यात सरळ करायची विद्या पोरांना लहानपणापासून शिकवत. म्हणजे ती जन्मापासूनच एका माणसाची आणि पक्क्या तालमीची होडी. आपण काय करतो? तालीम वजा करतो, एकटेपणा तेवढा ठेवतो आणि वर कपहोल्डर लावतो.

पत्र्याच्या होडीचा इतिहास इतका रोमँटिक नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अल्युमिनियम वाकवणारे आणि रिव्हेट ठोकणारे कारखाने युद्ध संपता संपता दुसरं काम शोधायला लागले. ग्रुमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी, तिने त्याच काळात अल्युमिनियमची कनू काढली. आमच्या मिनेसोटात अल्युमाक्राफ्ट १९४६ची, लुंड १९४८ची. त्यांनी केलेल्या, सत्तरच्या दशकातल्या होड्या आजही गराजच्या बाजूला उलट्या ठेवलेल्या दिसतात आणि सुलट्या केल्या की तरंगतात. पोचे पडलेले असतात, रंग गेलेला असतो. घेतली त्या किमतीच्या आसपास चार वर्षांनी विकता येते असं आपल्या घरात दुसरं काय आहे? लॅपटॉप तर नक्कीच नाही.

आता मुद्द्याचं. इथे मी थोडा चढ्या आवाजात बोलणार आहे.

आमच्याकडे वॉलआयचा सीझन मे महिन्याच्या मध्यावर उघडतो. मिनिआपोलिसच्या आसपास तलावांवरचा बर्फ जेमतेम महिनाभर आधी, एप्रिलच्या मध्याला गेलेला असतो. उत्तरेला तर काही वर्षी ओपनरच्या आठवड्यापर्यंत टिकतो. त्या दिवशी हवा २२ डिग्री असते, लोक हाफ पँटीत असतात आणि पाणी दहा डिग्रीच्या आसपास. या पाण्यात पडल्यावर काय होतं? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी ते तीन आकड्यांत बसवलंय: एक, दहा, एक. पहिलं मिनिट श्वासावरचा ताबा सुटतो, माणूस धापा टाकतो आणि त्यात तोंडात पाणी जाऊ शकतं. नंतरची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. गारठून शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस बहुधा थंडीने मरत नाही, त्याआधीच हात चालेनासे झाले म्हणून बुडतो.

कयाक उलटल्यावर पुन्हा चढायचं ते त्या दहा मिनिटांत. त्याचा सराव किती जणांनी केलाय? आपण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली पोरं, निम्म्यांना धड पोहता येत नाही. ज्यांना येतं ते टिळक टँकवर शिकलेले. मेच्या पाण्यावर कयाक नेणाऱ्या जाणत्या माणसाच्या अंगात ड्रायसूट असतो. चांगल्या ड्रायसूटची किंमत बघा आणि ती स्प्रेडशीटमध्ये टाका. माझ्या ओळखीतल्या एकाला कयाक विकणाऱ्याने तासभर खुर्चीच्या कुशनची माहिती दिली, पाण्याच्या तापमानाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पत्र्याच्या होडीतून माणसं पडत नाहीत असं नाही. पडतात, मरतात. उभं राहून मासा ओढताना, बियर पिऊन, लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवून. अमेरिकेत बोटिंगमध्ये बुडणाऱ्यांपैकी दरवर्षी पाचातल्या चारांहून जास्त लोकांच्या अंगात जॅकेट नसतं, ही कोस्टगार्डची आकडेवारी आहे. तेव्हा जॅकेट घाला, दोन्हीकडे. पण चौदा फुटी होडीत तुम्ही बसता ते काठाच्या आत, पाण्यापासून वर, कोरडे. पोराने अचानक एका बाजूला धाव घेतली तर होडी कलते, उलटत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत बनणाऱ्या २० फुटांखालच्या अशा मोटरवाल्या होड्यांना पाण्याने भरल्या तरी तरंगतील एवढा फोम घालणं सक्तीचं आहे. किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी आत ठोकलेली असते. ती पाटी वाचा. आणि मिल लॅक्ससारख्या अफाट आणि उथळ तलावावर वारा सुटला असेल तर ही होडी घेऊनही जाऊ नका, काठावर भजी खा.

आता तो राहिलेला रकाना. मासेमारी म्हणजे पाऊण वेळ वाट बघणं. वाट बघणं एकट्याचं असलं की माणूस अर्ध्या तासात फोन काढतो. गेल्या जूनमध्ये माझे बाबा आले होते. वय ६९, गुडघे बोलतात. सांगलीला कृष्णेच्या काठी गरी टाकलेला माणूस, पण गेल्या चाळीस वर्षांत नाही. त्यांना कयाकमध्ये बसवायचं मी मनातही आणू शकत नाही. धक्क्यावरून हात धरून होडीत घेतलं, मधल्या बाकावर बसवलं, थर्मास दिला. माझी सहा वर्षांची मुलगी पुढे. (दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या होडीत जॅकेट घालणं इथे कायद्यानेच लागतं. बाबांनीही घातलं, कुरकुरत.) तिच्या गळाला हाताएवढा सनफिश लागला तर तिने असा आरडाओरडा केला की शेजारच्या होडीतल्या म्हाताऱ्याने टोपी काढली. "ओढू नको, ढील दे," बाबा तिला सांगत होते आणि तिला 'ढील' म्हणजे काय ते कळत नव्हतं. तोही शब्द त्या दिवशी शिकून झाला. मुलीला परवाना लागत नाही, सोळापर्यंत माफ. बाबांना अनिवासी परवाना घेतला, ७२ तासांचा.

व्हिजिटर व्हिसावर आईबाबा फार तर सहा महिने राहतात, त्यातले खऱ्या उन्हाळ्याचे जेमतेम तीन. दर दोन वर्षांनी. साधा गुणाकार करा आणि किती उन्हाळे हातात आहेत ते बघा. ते काठावर खुर्चीत बसून तुमच्या कयाकचा ठिपका बघत बसणार का?

आक्षेप मला माहीत आहेत. "अपार्टमेंटमध्ये राहतो, ट्रेलर कुठे ठेवू?" हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. दोघांत-तिघांत मिळून एक होडी घ्या, ज्याचं घर आहे त्याच्या अंगणात ठेवा. खर्च विभागला जातो आणि बरोबर यायला माणूसही आयता मिळतो. "रॅम्पवर ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही." रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये एक तास घालवा. स्टीअरिंग खालून धरा, ज्या बाजूला हात नेता त्या बाजूला ट्रेलर जातो. "इंजिनची कटकट." मग इंजिन नका घेऊ, बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर लावा, छोट्या तलावाला पुरते. "रजिस्ट्रेशन लागतं." इथे दहा फुटांवरच्या कयाकलाही लागतं.

नवा आक्षेप म्हणजे कोर्सचा. जुलै २०२५ पासून मिनेसोटात मोटरबोट चालवायला टप्प्याटप्प्याने परमिट लागू होतंय. सुरुवात २१ वर्षांपर्यंतच्यांपासून झाली, आणि २०२८ पर्यंत १९८७च्या मध्यानंतर जन्मलेले सगळे त्यात येतील. "कयाकला असलं काही झंझट नाही," असं एकजण मला विजयी मुद्रेने म्हणाला. अरे बाबा, दहा डिग्रीच्या पाण्यावर जाताना तुला कुणी काहीच विचारत नाही, हा कयाकचा गुण झाला का?

घ्यायचीच असेल तर चौदा फुटी, व्ही आकाराच्या बुडाची बघा. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्यात लाकूड असतं. ते कुजलंय का हे इंजिन वर-खाली हलवून बघा. मालकाला विचारून होडीत, ती ट्रेलरवर असतानाच, पाईपने चार इंच पाणी भरा आणि खाली वाकून कुठल्या रिव्हेटमधून ठिबकतंय ते खडूने खुणावून ठेवा. दोन-चार गळके रिव्हेट दुरुस्त होतात, फाटलेली शिवण नाही. ट्रेलरचे कागद मालकाच्याच नावावर आहेत ना ते पाहा. आणि बूच. झेब्रा मसल एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर ते काढून ठेवायचा कायदा आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी ते परत लावायचं काम बरोबर येणाऱ्या पोराकडे द्या. ती विसरत नाहीत.