'कणसरी' हे नाव शोभते का?

तलासरीकडचा एक जुना विद्यार्थी नुकताच भेटायला आला होता. मुलगी झाली आहे, तिचे नाव 'कणसरी' ठेवावे असे मनात आहे, सरांना काय वाटते, एवढेच त्याला विचारायचे होते. शिक्षकांच्या खोलीत मग रीतसर चर्चा झाली. नाव कानाला कठीण आहे, शाळेत मुले चिडवतील, अर्थ कुणाला कळणार नाही, असे आक्षेप निघाले. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तोडगा सुचवला : 'अन्नपूर्णा' ठेव, अर्थ तोच. विद्यार्थी काही बोलला नाही. त्या खोलीत बसलेले आम्ही सगळे मराठीचे अध्यापक होतो आणि मीही त्या वेळी गप्प बसलो, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

कणसरी ही वारली लोकांची धान्यदेवता. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तिच्या कथा आणि गाणी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ चालत आली आहेत. या शब्दात 'कणीस' ऐकू येण्यासाठी मराठी माणसाला व्युत्पत्तिकोश उघडावा लागत नाही. तेव्हा अर्थ कळणार नाही हा आक्षेप पहिल्याच फटक्यात बाद होतो. अर्थ कळतो, तो ज्या घरातून येतो ते घर तेवढे आपल्याला परके वाटते. काशीची अन्नपूर्णा हे 'नाव' आणि पाड्यावरची कणसरी हा नुसता 'शब्द', ही विभागणी भाषेने केलेली नाही, आपण केलेली आहे. उषा, लता, वर्षा, क्षितिज हेही शब्दच आहेत. शहरातले आईबाप याद्या धुंडाळून कुणी न ठेवलेले नाव शोधून काढतात तेव्हा आपण त्यांच्या कल्पकतेचे कौतुक करतो. तीच मोकळीक तलासरीच्या बापाने घेतली की मात्र आपल्याला मुलीच्या भवितव्याची काळजी वाटू लागते.

हा दुटप्पीपणा जुना आहे. वारल्यांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल आहे : सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. प्रमाण मराठीत 'गण्या', 'पक्या' म्हटले की सलगी किंवा तुच्छता व्यक्त होते, म्हणून आपल्या कानाला 'शुक्र्या' हे मोडके, अपुरे नाव वाटते. ही सवय आपल्या कानाची; तिकडे ते पूर्ण नाव आहे. १९९७ ते २००६ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेल्या कोफी अन्नान यांच्या नावातील 'कोफी'चा अर्थ घानातील अकान लोकांच्या रीतीप्रमाणे शुक्रवारी जन्मलेला मुलगा असाच आहे. कोफी आदराने उच्चारायचे आणि शुक्र्याला हसायचे, याला भाषिक अभिरुची म्हणता येणार नाही.

नावाने माणसाचे काही अडते, हा समजही याच परिसराने खोटा ठरवलेला आहे. जिव्या सोमा म्हसे हे तलासरी तालुक्यात जन्मले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडला राहून त्यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच नावाने. लहानू कोम १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले. ज्याच्या नावाचा अर्थच 'लहान', त्याला मतदारांनी दिल्लीला पाठवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी, वारल्यांच्या उठावात, तलवाड्याच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या जेठ्या गांगड यांचे नाव कुणी 'ज्येष्ठराज' करून घेतलेले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आईबापांनी दिलेले प्रत्येक नाव योग्यच मानायचे काय? नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकोशी' हे नाव वागवणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ते योग्यच झाले. पण 'नकोशी' वाईट ठरते ते तो चारचौघांतला शब्द आहे म्हणून नव्हे. त्या नावातून घर मुलीला रोज सांगत असते की तू यायला नको होतीस. याउलट धोंडू, दगडू, केरू ही वरवर हलकी वाटणारी नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा त्यांच्या नावातला धोंडा कुणालाही खुपला नाही. तेव्हा कसोटी लावायचीच असेल तर ती ही : हे नाव मुलाच्या येण्याविषयी काय सांगते? 'कणसरी' सांगते की घरात धान्य आले. याहून शुभ असे आपल्या याद्यांत काय आहे?

राहिला चिडवण्याचा प्रश्न. मुले चिडवतात हे खरे. परंतु कोणत्या नावाला हसायचे हे ती वडीलधाऱ्यांकडून शिकतात, आणि त्या वडीलधाऱ्यांत हजेरी घेणारे शिक्षक पहिले येतात. हजेरी घेताना शिक्षक 'कणसरी' या नावाशी किंचित अडखळला, भुवई उंचावली, की वर्गाला इशारा मिळतो. त्याच शिक्षकाने पाच मिनिटे काढून ही देवता कोण ते सांगितले, किंवा वर्गातल्या वारली मुलांना सांगू दिले, तर त्या मुलीचे नाव हाच त्या दिवसाचा मराठीचा पाठ होईल. मूल्यमापनाच्या वेळी बोलीभाषांच्या समृद्धीवर निबंध लिहून घेणाऱ्या आपल्याला एवढे जमू नये?

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाविना जन्माची नोंद करता येते आणि नाव मागाहून भरता येते. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्यापाशी अजून वेळ आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिला हे नाव नको वाटले, तर ते बदलण्याचा अधिकारही तिला आहेच. तो तिचा आहे, आमच्या खोलीचा नाही. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते मी त्याला आता कळवले आहे : नाव शोभते. 'अन्नपूर्णा'चा सल्ला विसरून जा.