गळतीवर प्रमाणपत्राचे पांघरूण

बीएस्सीचे पहिले वर्ष पार पडले, ४० क्रेडिट जमले, उन्हाळ्यात चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप उरकली, की विद्यापीठ विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवून त्याला निरोप देणार. नव्या शैक्षणिक धोरणाने उघडलेली ही वाट महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. प्रवेशाच्या धामधुमीत ती विद्यार्थ्यांची सोय म्हणून सांगितली जाते. यात सोय आहे ती व्यवस्थेची. कालपर्यंत ज्याला आपण शिक्षण सुटणे म्हणत होतो, त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारण्याचा हा प्रकार आहे.

वर्षभरात विज्ञान किती शिकून होते, हे प्रयोगशाळेत उभे राहून पाहावे. अकरावी-बारावीची दोन वर्षे सीईटी आणि नीटच्या क्लासमध्ये गेलेली कितीतरी मुले ब्युरेट नीट हाताळतात ती पदवीच्या पहिल्या वर्षीच. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तेवढ्यात द्रावणाची पातळी अचूक वाचणे, व्हर्निअरचे माप घेणे, कांद्याच्या मुळातल्या विभाजन होत असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे इथवर मजल जाते. माप का चुकले, किती चुकले आणि त्या चुकीसकट निष्कर्ष कितपत टिकतो, हे सांगता येऊ लागते ते पुढे. तिथे विज्ञान सुरू होते आणि नेमके त्याच्या अलीकडे आपण मुलांना घरी पाठवतो आहोत. थर्मोडायनॅमिक्स कळायला आधी कॅल्क्युलस अंगवळणी पडावे लागते, स्पेक्ट्रोस्कोपीला क्वांटम मेकॅनिक्सची ओळख लागते. त्यात पहिल्या वर्षाची ही ४० क्रेडिटही सगळी विज्ञानाची नसतात. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, ओपन इलेक्टिव्ह यांचा वाटा त्यातच. २००६ मध्ये पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा मूलभूत विज्ञान मुरायला पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम हवा, हे सरकारनेच मान्य केले होते. मग तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला एक वर्ष कसे पुरते?

या प्रमाणपत्रावर तिला मिळणार काय? एमएस्सीला पदवी लागते, बीएडला पदवी लागते, राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते. औषध कंपनीच्या तपासणी विभागातही रसायनशास्त्राचा पदवीधरच मागतात. ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत आहे, ते पालक आपल्या मुलांना या वाटेने पाठवणार नाहीत. या वाटेने जातील त्या लग्न ठरलेल्या मुली, बापाच्या आजारपणात शेत सांभाळायला परतलेली मुले, वसतिगृहात जागा न मिळालेले आदिवासी विद्यार्थी. तीन वर्षांच्या आत परत या, सात वर्षांत पदवी पूर्ण करा, अशी मुभा नियमात आहे. पण ज्या अडचणीने ती मुलगी कॉलेज सोडून गेली, ती अडचण दूर करायची तरतूद या नियमात कुठेही नाही.

या व्यवस्थेतल्या अडचणी विरोधकांनीच दाखवल्या असेही नाही. भाजपचे खासदार विवेक ठाकूर यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने सप्टेंबर २०२३ मध्येच हा धोक्याचा इशारा दिला होता. किती विद्यार्थी मध्येच जातील आणि किती येतील याचा अंदाज महाविद्यालयांना बांधता येणार नाही आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बिघडेल, असे समितीचे म्हणणे. त्याआधी दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीसोबत मधल्या टप्प्यावर बाहेर पडायची सोय केली होती. वर्षभरात, जून २०१४ मध्ये, ती गुंडाळावी लागली. इतके घडूनही तोच प्रयोग, आणि या वेळी देशभर!

महाराष्ट्रात तर पायाच खचलेला आहे. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर विभाग चालले आहेत. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की त्याची जागाही त्याच्याबरोबर जाते. जिथे एका तराजूभोवती दहा मुले उभी राहतात, तिथे तीन वर्षांतही प्रयोग धड होत नाहीत. आधी तो तराजू आणा, तो दुरुस्त ठेवणारा माणूस नेमा. विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या क्रेडिट बँकेची खाती त्यानंतर उघडता आली असती.

थोड्या मुदतीच्या शिक्षणाला आमचा विरोध नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम सुट्ट्यांमधल्या शिबिरांतून चालतो आणि मुलांना खऱ्या संशोधनाला हात लावू देतो. पण तो पदवीला जोड म्हणून आहे, पदवी सोडण्याची भरपाई म्हणून नाही. माती-पाणी तपासणीचे सहा महिन्यांचे शिक्षण द्यायचे असेल तर ते तसे सांगून, त्या कामासाठी आखून द्या. बीएस्सीचा पहिला तुकडा कापून त्याला कौशल्य म्हणू नका.

प्रत्येक विद्यापीठाने पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत मुली किती, कोणत्या तालुक्यातले किती, किती परतले, हे दर वर्षी जाहीर करावे. आणि जोवर हा हिशेब मांडला जात नाही, तोवर उच्च शिक्षण विभागाने या प्रमाणपत्रधारकांची नोंद ‘उत्तीर्ण’ या रकान्यात न करता ‘गळती’ याच रकान्यात करावी.