कागद कोणाच्या हातात जाणार?

सप्टेंबर संपला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आटोपल्या, अहवालांचे गठ्ठे छापखान्यांतून बाहेर पडले आणि आता दिवाळी अंक, भेटकार्डे, मिठाईचे बॉक्स यांची धांदल सुरू झाली आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नपत्रिका दारात उभ्या राहतील. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, मिरज या पट्ट्यात आपल्या व्यवसायाचे वर्ष असेच फिरते. या धावपळीत एक गोष्ट मागे पडते आहे. काम हातात आल्यानंतर आणि संगणक सुरू करण्याआधी जो विचार व्हायला हवा, त्याला आपल्याकडे वेळ नाही आणि बिलात ओळही नाही. या महिन्यात त्याविषयीच बोलायचे आहे.

माझ्या उमेदीच्या काळातला एक अनुभव सांगतो. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मी मांडला होता. प्रत्येक पानामागे फिकट निळा सूर्योदय, ताळेबंदाच्या रकान्यांवर रंगीत पट्टे, आकडे साडेसात पॉइंटात आणि तेही चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात. छपाईत रंग केसभर सरकले आणि आकड्यांच्या कडेला तांबडी-निळी सावली आली. मुखपृष्ठाचे मात्र सगळ्यांनी कौतुक केले. सभेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी एक वयस्क सभासद होते. त्यांनी मुखपृष्ठ उलटले, अध्यक्षांचे मनोगत उलटले, एका पानावर बोट ठेवून ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग उठून खिडकीपाशी उजेडात गेले. परत येऊन अहवाल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “पोरा, यंदा डिव्हिडंड किती दिलाय, जरा बघून सांग की.”

ज्या एका आकड्यासाठी ते गाडी करून सभेला आले होते, तो मी चौदाव्या पानावर रंगाखाली पुरला होता. त्या दिवशी मला आपल्या कामाचा अर्थ कळला.

पुढच्या वर्षी तेच काम आले, तेव्हा आधी मी जुना अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग काउंटरवरच्या क्लार्कला विचारले, सभासद तुम्हाला काय विचारतात? त्याने चार गोष्टी सांगितल्या: लाभांश किती, ठेवी किती, थकबाकी किती, कर्जाचा व्याजदर काय. ते चार आकडे मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मोठ्या टाइपात आले. ताळेबंद दहा पॉइंटात आणि निव्वळ काळ्या शाईत गेला. सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली आर्ट पेपर चकाकतो, म्हणून आतली पाने मॅपलिथोवर घेतली. मजकूर आवरून पाने सोळाच्या पटीत बसवली, त्यामुळे अर्धा फर्मा वाचला. रंग फक्त मुखपृष्ठावर राहिला. अहवाल आधीपेक्षा साधा दिसत होता आणि स्वस्तातही पडला. सभेत कोणी त्याची स्तुती केली नाही. खिडकीपाशीही कोणी गेले नाही.

आपल्या क्षेत्रात ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द फार वापरला जातो. ग्राहक म्हणतो, “काहीतरी वेगळं करा.” आपण फॉण्ट बदलतो, सावली देतो, सोनेरी कडा लावतो. पण छापील कामातली कल्पकता सजावटीतून येत नाही. हा कागद कोणाच्या हातात जाणार, कुठल्या उजेडात, किती वेळासाठी, आणि वाचून झाल्यावर तो माणूस काय करणार, या प्रश्नांच्या उत्तरांतून ती येते. उत्तरे मिळाली की कागदाची जात, टाइपाचे माप, रंगांची संख्या, घडीची जागा ही सगळी उत्तरे त्यांच्या मागोमाग येतात.

आपल्याकडच्या ज्या कामांना आपण थोर म्हणतो, त्यांच्यामागे हाच विचार दिसतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. पंचांग तोवर पोथीसारखे, जाणत्याने उघडून वाचायचे होते. ते खिळ्याला टांगून स्वयंपाकघरातून दिसेल अशा मोठ्या आकड्यांत आले, तिथी-नक्षत्र त्याच चौकटीत लहान टाइपात बसले, आणि पानाची मागची बाजूही वाचनासाठी कामाला आली. घराघरांत त्या चौकटींत दुधाचा आणि पेपरचा हिशोब लिहिला गेला. छापील वस्तू घरातल्या माणसाने अशी आपली करून घेणे, यापेक्षा मोठी पावती आपल्या धंद्यात नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांसाठी पोस्टरे केली. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. तो काळ आठवा. रस्त्याने जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षर ओळखता येत नव्हते. अशा माणसाला थिएटरकडे वळवायचे, तर जे सांगायचे ते चित्रानेच सांगावे लागणार होते. बाबूरावांचा हात नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेला होता. लांबून पाहणाऱ्या माणसाची नजर त्यांना ठाऊक होती.

आणि कमल शेडगे. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे काही सेंटिमीटरची चौकट, रंग एकच, तो म्हणजे काळा. आजूबाजूला दहा जाहिराती. त्या चौकटीत त्यांनी नाटकाचे नाव असे रेखाटले की अक्षरे पाहूनच नाटक ऐतिहासिक आहे, कौटुंबिक आहे की रहस्यमय, हे कळावे. साधने इतकी कमी असल्यामुळेच त्यांचे अक्षर इतके बोलके झाले, असे मला वाटते. आज आपल्याकडे लाखो रंग आणि हजारो फॉण्ट आहेत. नेमके काय टाळायचे, हे ठरवणे त्यामुळे अधिक अवघड झाले आहे.

थोरांची उदाहरणे बाजूला ठेवू. आपल्याच भागातल्या एका तरुण डिझायनरला नृसिंहवाडीच्या पेढ्यांसाठी नवा बॉक्स करायचा होता. तो संगणकापाशी न बसता एक दिवस दुकानाच्या फळीपाशी बसला. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, पेढ्याचे तूप तळातून झिरपते आणि फिकट रंगाच्या छपाईवर डाग पडतात. दुसरी म्हणजे, दुकानदार बॉक्स दोऱ्याने बांधतो आणि तो दोरा नेमका झाकणाच्या मधोमध, दुकानाच्या नावावरून जातो. त्याने झाकणाचा मधला पट्टा मोकळा सोडला, नाव दोऱ्याच्या एका बाजूच्या चौकोनात घेतले, तळाला गडद रंग दिला आणि पेढे किती दिवसांत संपवावेत हे झाकणाच्या आतल्या बाजूला छापले. दर्शन घेऊन एसटीने गावी परतणाऱ्या माणसाच्या मांडीवर तो बॉक्स तास-दोन तास असतो, मग देवघरात जातो, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांत प्रसाद वाटताना उघडतो. हा सगळा प्रवास त्या डिझाइनमध्ये आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या भागात झालेल्या उत्तम कामांपैकी ते एक आहे, आणि त्यात फक्त दोन रंग आहेत.

अक्षराविषयीही थोडे बोलायला हवे, कारण मराठी मजकुराचा विचार मराठी अक्षरापासून सुरू होतो. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजी मजकुराच्या मापाने दोन ओळींमधले अंतर ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला धडकतो. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ला त्यात स्थान दिले. तरीही आपल्या पत्रिकांत आणि अहवालांत हिंदी वळणाची अक्षरे सर्रास दिसतात. बऱ्याच युनिकोड फॉण्टमध्ये मराठी वळण आत असते, फक्त मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी लागते आणि इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करावा लागतो. हे काम दोन मिनिटांचे आहे. पण ते करायला मजकूर आपला वाटावा लागतो.

मी जयसिंगपुरात राहून हे लिहितो आहे आणि या गावाचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले. सरळ रस्ते, त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना क्रमांक. नवख्या माणसाला “कितवी गल्ली?” एवढे कळले की तो घरापर्यंत पोचतो. शंभरांहून अधिक वर्षे झाली तरी ती मांडणी काम करते आहे. तिच्याकडे कोणी पाहत नाही, सगळे तिच्यामुळे पोचतात. अहवालाचे, पुस्तकाचे, पत्रिकेचे पान असेच असायला हवे.

आता व्यवहाराचे. ग्राहक आपल्याला हजार प्रतींचे पैसे देतो, प्लेटचे देतो, लॅमिनेशनचे देतो. डिझाइन मात्र ‘छपाईसोबत फुकट’. ही सवय आपणच लावली आहे. ज्या गोष्टीची किंमत आपण शून्य लिहितो, तिला वेळ देणे आपल्यालाही परवडत नाही, आणि मग जुन्या फाइलीत नाव बदलून नवे काम बाहेर पडते. म्हणून बिलात मांडणीची ओळ वेगळी लिहा, सुरुवातीला रक्कम लहान असली तरी चालेल. ग्राहक विचारेल, हे कशाचे? तेव्हा त्याला अर्धा फर्मा कसा वाचवला, दोन रंगांत काम कसे बसवले, हे दाखवा. गणित समजले की आपला ग्राहक पैसे देतो, हा माझा अनुभव आहे.

लग्नसराई तोंडावर आहे. या हंगामात एक काम करा. प्रत्येक जॉबकार्डावर, प्रतींच्या संख्येच्या वर, एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे लिहा: हा कागद कोणाच्या हातात जाणार? ग्राहक समोर बसलेला असतानाच त्याच्याकडून उत्तर घ्या आणि ते लिहून झाल्याशिवाय फाइल उघडू नका. मार्चमध्ये ती जॉबकार्डे आमच्याकडे पाठवा. त्यांतली निवडक कामे, त्यांमागच्या विचारासह, आम्ही याच मासिकात छापू.