झाड नडतंय!

माणसाचं स्वतःचं घर झालं, की त्याला पहिली अडचण होते ती झाडाची. भाड्याच्या घरात असेपर्यंत तोच माणूस समोरच्या गुलमोहराकडे बघून उसासे टाकत असतो. पण सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव चढलं, की गुलमोहर 'सॉलिड कचरा करतो'. पारिजातकाच्या सुरवंटांनी अंगाला खाज सुटते. नारळ तर काय, डोक्यावर पडण्यासाठीच वर चढलेला असतो.

आमच्या कॉलनीत गेल्या काही वर्षांत जी झाडं गेली, त्यांच्या तोडणीची कारणं मी जमवली आहेत. पानं पडतात, हे त्यांतलं सर्वांत लोकप्रिय कारण. आता झाडाची पानं पडणार नाहीत तर काय वर्तमानपत्राची पडणार? पण पडतात खरी, आणि ती शेजाऱ्याच्या गच्चीवर पडतात, हा त्याहून मोठा गुन्हा. दुसरं कारण, अंधार येतो. (भर दुपारी बारा वाजता सगळे पडदे ओढून बसणाऱ्या घरातून ही तक्रार आली होती.) तिसरं, पक्षी घाण करतात. चौथं कारण वास्तुशास्त्राचं. त्यापुढे मी हात टेकतो, कारण त्या शास्त्राला आमच्या घराचा दरवाजासुद्धा पसंत नाही.

आमच्या अंगणात एक रायवळ आंबा आहे. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो १९७१ साली कोयीतून लावला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला त्यात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी घालून जगवला. त्याचा आंबा आंबट असतो हे मी मान्य करतो. तर या आंब्याबद्दल आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ परवा कंपाउंडशी येऊन म्हणाले, "काढून टाका हो एकदाचा! नडतंय ते झाड."

त्यांनी एक माणूसही बरोबर आणला होता. त्यानं आंब्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, बुंध्यावर दोन थापा मारल्या आणि निकाल दिला, "आतून गेलंय साहेब. पैसे नकोत, लाकूड मी नेतो."

लाकूड नेणाऱ्यानं झाडाची प्रकृती तपासायची, म्हणजे तिरडीचं सामान विकणाऱ्यानं पेशंटची नाडी पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे, की झाड आतून गेलं असेल तर अवश्य तोडा, पण गेलंय की नाही ते ज्याला लाकूड नकोय अशा जाणत्या माणसाला विचारा. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर गेली आहे का, झाड एकाएकी एका बाजूला कललं आहे का आणि दुसऱ्या बाजूची जमीन उचलली गेली आहे का, हे बघायला लागतं. असं झाड वाऱ्यापावसात कुणाच्या अंगावर पडण्याआधी उतरवलं पाहिजे. तिथे हळवेपणा कामाचा नाही. पण आमच्या कॉलनीत गेलेल्या झाडांपैकी अशी किती होती म्हणता? एक. बाकीची ठणठणीत होती.

आणि जी खरोखर पडतात, ती का पडतात? झाडाचं मूळ म्हणजे गाजरासारखं सरळ पाताळात गेलेलं काहीतरी असतं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. आपण काय करतो? पार्किंगसाठी बुंध्याला भिडवून फरशी घालतो, म्हणजे पाणी नको आणि हवाही नको. मग केबलसाठी चर खणतो आणि वाटेत येईल ते मूळ तोडतो. मग 'भार कमी करायला' झाडाचा शेंडाच छाटतो. त्या जखमेभोवती जे धुमारे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात, पुढे जाड झाले की वादळात तेच आधी मोडतात. एखाद्याचे पाय तोडायचे, डोकं भादरायचं आणि वर म्हणायचं, हा धड उभा राहत नाही!

ड्रेनेजमध्ये मुळं शिरतात, हीही तक्रार. बहुतेक वेळा ती फुटक्या सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या वासावर येतात. सांधा दुरुस्त करायला प्लंबर लागतो. पण तो फोन उचलत नाही. कुऱ्हाडवाला दारात येतो.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय खरा, पण आतून आमची ही ओरडेल, "जांभळाचं सांगा ना!" तेव्हा सांगतोच.

घराच्या पश्चिमेला आमचं एक जांभूळ होतं, आम्ही प्लॉट घेतला तेव्हापासूनचं. २००९ साली मी पांढरी गाडी घेतली. जून महिन्यात त्या गाडीला शाई सांडल्यासारखं रूप येई. मी रीतसर अर्ज केला, कारण लिहिलं 'फांदी पडून धोका', परवानगी मिळाली आणि अर्ध्या दिवसात जांभूळ खाली आलं. ते ट्रकमधून गेलं तेव्हा अण्णा व्हरांड्यात बसले होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, "ऊन येतंय रे तोंडावर."

त्या उन्हाचं मी पुढे काय केलं? पडदे आणले. मग जाड पडदे आणले. मग त्या खोलीत एसी बसवला. जिथे जांभूळ होतं, नेमकं तिथेच आता त्या एसीचं खोकं भिंतीला लटकून दिवसभर गरम वाफा सोडतं. जांभूळ जमिनीतलं पाणी ओढून फुकटात गारवा देत होतं. हे यंत्र माझ्याकडून विजेचं बिल घेतं आणि उलट जमिनीवर पाणी ठिपकवतं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच भिंतीला तडा गेला. एका ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरनं मला समजावलं, की आमच्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. इतकी वर्षं जांभूळ त्यातलं पाणी उपसत होतं, तो उपसा एकदम थांबला की माती फुगून पाया उचलू शकते. तडा जांभळामुळेच गेला, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण झाड तोडण्यापूर्वी हा प्रश्न कुणाला तरी विचारायला हवा होता, तो मी गाडी धुणाऱ्यालासुद्धा विचारला नाही. आणि ती गाडी? ती मी २०१६ साली विकली.

आता कायद्याचं. स्वतःच्या आवारातलं झाड म्हणजे स्वतःच्या डोक्यावरचे केस, असा पुष्कळांचा समज आहे. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ सालापासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि खाजगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज लागतो. झाडावर नोटीस चिकटवतात, वर्तमानपत्रात जाहिरात देतात, हरकती मागवतात. लग्न ठरवताना आपण इतकी चौकशी करत नाही. झाड जाळणं, त्याला इजा करणं हेही या कायद्यात तोडण्यातच मोजतात, तेव्हा रात्री बुंध्याशी ॲसिड ओतणाऱ्यांनी आपण फार हुशार आहोत असं समजू नये.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला 'हेरिटेज ट्री' म्हटलं गेलं. म्हणजे आमच्या आंब्याला किताब मिळाला! मी त्याच्याहून वयानं मोठा आहे, पण मला घरात 'जुनाट' यापलीकडे पदवी नाही. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची, तीही किमान सहा फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. मी शेजाऱ्यांना हा हिशेब ऐकवला. "पन्नासच्या वर झाडं होतील," मी म्हणालो, "त्यांतली पंचवीस तुमच्या कंपाउंडलगत लावू का?" ते थोडा वेळ गप्प झाले.

आपल्याकडे शिवकालीन राज्यकारभाराचं सार सांगणारं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आहे, अठराव्या शतकाच्या आरंभीचं. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका, कारण तिनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि अगदीच जीर्ण झाड घ्यायचं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्या, असा त्यातला भाव. अमात्यांनी सरकारी माणसापासून झाड वाचवायची सगळी तजवीज केली. झाडाचा धनीच कुऱ्हाडवाल्याला चहा पाजेल, हे त्यांच्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

शेवटी आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर येणाऱ्या दोन फांद्या तेवढ्या रीतसर परवानगी काढून उतरवायचं ठरवलं. तेही मे महिन्यात नको म्हणून हिनं सांगितलं, कारण तेव्हा वर कावळ्याचं घरटं असतं आणि त्यात कोकिळेचीही अंडी असायची, म्हणजे एका फांदीवर दोन बिऱ्हाडं. शेजाऱ्यांनी कुरकुरत मान्य केलं. "पण पानांचं काय?" जाताना त्यांनी विचारलंच.

पुढे पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारी उभे. हातात पिशवी.

"जरा तोरणापुरती पानं हवी होती," ते म्हणाले. "बाजारात काय भाव लावलाय हो! आणि दोन-चार कैऱ्या असल्या तर, सूनबाई पन्हं करीन म्हणत होती."

मी शिडी आणून दिली.