विश्लेषण : आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या स्त्रियांसाठी गोंधळ का घालावा?

२५ जून आला की मोबाइलवर तेच फोटो फिरतात. जयप्रकाश नारायण, बेडी घातलेला हात उंचावणारे जॉर्ज फर्नांडिस, तुरुंगातून सुटलेले नेते. केंद्राने २०२४ मध्ये हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केल्यापासून सरकारी कार्यक्रमही होतात. या फोटोंत बायका शोधाव्या लागतात. शाह आयोगाच्या आकडेवारीनुसार देशभरात ‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार लोक पकडले गेले. त्यातल्या स्त्रियांची आठवण ठेवायची तर तिची जागा सरकारी व्यासपीठावर नाही, गोंधळाच्या चौकात आणि गावच्या नाटकात आहे, असे माझे मत आहे. आणि त्याची सुरुवात कर्जतसारख्या तालुक्यातून होऊ शकते.

कोण होत्या या स्त्रिया?

दुर्गा भागवत आधी. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्याच उपस्थितीत दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आजारी जयप्रकाशांसाठी त्यांनी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक होऊन आर्थर रोड तुरुंगात ठेवले गेले.

मृणाल गोरे भूमिगत राहून काम करत होत्या. पकडल्यावर त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकांतवासात ठेवले. अहिल्या रांगणेकरही तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत या दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. प्रमिला दंडवते येरवड्यात आणि पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, अशी त्या घराची दीड वर्षे गेली. त्या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे आज इतिहासकारांच्या कामी येतात.

बंगळूरच्याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटाच्या नायिका, मद्रासच्या रंगभूमीवरच्या कलावंत आणि दम्याच्या रुग्ण. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे मधू दंडवत्यांनी लिहून ठेवले आहे. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडल्यानंतर पाच दिवसांत त्या गेल्या.

याला फॅसिझम म्हणायचे का?

हा वाद जुना आहे. गंमत म्हणजे तेव्हा दोन्ही बाजू हाच शब्द एकमेकांवर फेकत होत्या. विरोधक सरकारला फॅसिस्ट म्हणत आणि सरकार व भारतीय कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला. विनाखटला कोठडीत बसलेल्या बाईला या वादाचा फारसा उपयोग नव्हता.

सरकारी स्मरण पुरेसे का नाही?

मानधनाचेच बघा. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये बंद केले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले आणि २०२५ मध्ये दुप्पट केले. आठवण सत्तेबरोबर चालू-बंद होते. मी इंजिनीअरिंग केलेले असल्याने मला हे एकाच सर्व्हरवर ठेवलेल्या बॅकअपसारखे वाटते.

शिवाय तुरुंगाची आठवण आपल्याकडे पुरुषांचीच. नगरचा किल्ला म्हटले की १९४२ चे १२ काँग्रेस नेते आणि नेहरूंचे पुस्तक आठवते. त्याच कार्यकारिणीतल्या सरोजिनी नायडूंना मात्र पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले होते. कस्तुरबाही तिथेच होत्या आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच गेल्या. आज जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव आहे, त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. पण ३१ मे च्या जयंतीलाही चर्चा व्यासपीठावर कोण बसले याचीच जास्त होते.

मग गोंधळच का?

गोंधळी संबळ-तुणतुण्यावर आधी देवांना बोलावतो. प्रत्येक देवीला तिच्या नावाने आणि तिच्या गावाने. कुणी राहिले तर चालत नाही. पुढे दिवटीच्या उजेडात आख्यान होते. हरवलेली नावे ठेवायला यापेक्षा चांगला साचा मला दिसत नाही: आर्थर रोडच्या दुर्गाबाई, अकोल्याच्या मृणालताई, येरवड्याच्या प्रमिलाताई. दुर्गाबाई तर लोकसाहित्याच्याच अभ्यासक.

देवीच्या विधीत राजकारण नको, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून राशीनच्या जगदंबेच्या नवरात्रात हे घुसवू नये. चौक वेगळा मांडावा. अहिल्याताई कम्युनिस्ट, त्यांना गोंधळ कितपत रुचला असता कोण जाणे. त्यांच्यासाठी थाळी-लाटणे आहेच. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध त्यांनी आणि मृणालताईंनी हजारो बायकांच्या हाती ते दिले. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर वाजू लागली, हेही नाटकच होते. ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव झाले. मंडप, लाइट नसला तरी बाया बघायला येतात, हे त्या नाटकाने दाखवले आहे.

जगात असे कुठे होते का?

होते. फ्रँको राजवटीने ५ ऑगस्ट १९३९ ला माद्रिदमध्ये गोळ्या घातलेल्या १३ तरुणींसाठी दरवर्षी त्याच दिवशी तिथल्या दफनभूमीत लोक जमतात. फ्रेंच अभ्यासक जर्मेन तिलियों यांनी नाझींच्या राव्हेन्सब्रुक छावणीत लपून एक विनोदी संगीतिका लिहिली होती. सोबतच्या कैदी बायकांना हसवण्यासाठी. ती रंगमंचावर आली २००७ मध्ये, पॅरिसला.

६३ वर्षे थांबायला आपल्याकडे वेळ नाही. १९७५ मध्ये विशीत सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या मुली आज सत्तरीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत. २५ जूननंतर काही आठवड्यांत आषाढ वद्य एकादशीला कर्जतला गोदड महाराजांची यात्रा भरते. त्याआधी तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजने, भजनी मंडळाने किंवा बचत गटाने या आज्यांकडे जाऊन एवढेच विचारावे : नाव काय, गाव कोणते, कुठल्या तुरुंगात होता, बराकीत सोबत कोण होते. गोंधळ्याला बोलवण्याआधी त्याच्या हातात ही यादी लागेल.