आवाज कुणाचा?

पहिल्या बोनसमधून बाबांच्या जुन्या बुलेटला ‘धडधड’ सायलेन्सर बसवला. एफसी रोडवर सगळे वळून बघायचे. काय रुबाब! मग एके दिवशी ट्रॅफिकच्या मामांनीही वळून बघितलं.

‘‘मामा, फक्त सायलेन्सरच बदललाय हो...’’

‘‘फक्त?’’

पावती खिशात घालून घरी आलो आणि कायदा वाचला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आरसीवरचा कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार नको. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाजाची मर्यादा ओलांडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, वर तीन महिने लायसन्सला रामराम! रंग बदलायचाय? बदला की, पण आरटीओची परवानगी घेऊन, आरसीवर नोंद करून.

मूळ सायलेन्सर बाबांनी माळ्यावर जपून ठेवला होता. काहीही न बोलता काढून दिला.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘रात्री कधी आलास रे? बाळ उठलंच नाही!’’

दोस्तहो, आता कुणी वळून बघत नाही. पण झोप सगळ्यांनाच मस्त लागते.