इंग्लंडमधले चार गुंठे

इंदूरच्या मामांचा फोन सहसा रविवारी येतो. या वेळी तो मंगळवारी दुपारी आला, तेव्हाच मला शंका आली. "अगं, तुझं इंग्रजी चांगलं आहे. एक जाहिरात पाठवलीय, जरा नीट वाचून सांग." बी.ए. इंग्लिश केल्यापासून विम्याच्या पॉलिसीपासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत घरातले सगळे कागद माझ्याकडेच येतात, तसाच हाही एक.

जाहिरातीत हिरवंगार शेत, कडेला झुडपांचं कुंपण, मागे चर्चचा सुळका. 'इंग्लंडमध्ये तुमची स्वतःची जमीन.' किंमत १२,००० पाउंड, लंडनपासून तासाभराच्या अंतरावर. बुकिंगचे ५०० पाउंड मात्र याच आठवड्यात भरायचे. मामांचा मुलगा लेस्टरला नोकरी करतो, त्यामुळे मामांना ते फार लांबचं वाटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आजोबांची अकोल्याजवळची जमीन विकली गेली, ती बोच मामांच्या मनातून अजून गेलेली नाही. "आपल्या नावावर कुठेतरी माती असावी," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

मी आधी एवढंच विचारलं, "मामा, पैसे भरलेत का?" नव्हते भरले. मग मी चार दिवस इंग्लंडमधल्या शेतजमिनीच्या जाहिराती वाचत बसले. तुम्हालाही कधी असा मेसेज आला असेल किंवा पुढे येईल, म्हणून सांगते.

विकत घेता येते का? हो, अगदी सहज

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना तर भारतात कुठेच शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारशाने मिळू शकते. इंग्लंडमध्ये यातलं काही नाही. तुम्ही शेतकरी आहात का, कोणत्या देशाचे आहात, हे कायदा विचारत नाही. आपल्याकडून पैसे पाठवायलाही मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून मालमत्ताही घेता येते.

भाव? चांगल्या पिकाऊ जमिनीला गेल्या काही वर्षांत एकरी साधारण ९,००० ते ११,००० पाउंड पडतात. म्हणजे दहा-बारा लाख रुपये. पुण्याच्या आसपास जमीन बघून आलेल्या माणसाला हे फुकट वाटेल.

आता मामांची जाहिरात पुन्हा वाचा. १२,००० पाउंड एका एकराचे नव्हते. अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं, एकराचा दहावा भाग. म्हणजे आपले चार गुंठे! एकराचा हिशेब केला तर १,२०,००० पाउंड. बाजारभावाच्या दहापट.

एवढे पैसे कोण देईल? ज्याला वाटतं की उद्या इथे घरं होणार, तो. आपल्याकडे शेताचे तुकडे पाडून 'लवकरच एन.ए. होईल' असं सांगत विकतात, तोच हा खेळ. तिकडे त्याला लँड बँकिंग म्हणतात. एक मोठं शेत शेतीच्या भावाने घ्यायचं, नकाशावर रेघा मारायच्या आणि तुकडे विकायचे, बरेचदा परदेशातल्या लोकांना. शेत बहुतेक वेळा ग्रीन बेल्टमध्ये असतं. शहरं एकमेकांना भिडू नयेत म्हणून मोकळा ठेवलेला हा पट्टा इंग्लंडच्या साधारण आठव्या भागावर पसरला आहे. तिथे घराची परवानगी मिळणं महाकठीण, आणि ती परवानगी स्थानिक कौन्सिल देते, विकणारी कंपनी नाही. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने अशा योजनांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. पण नुसता जमिनीचा तुकडा विकणं त्यांच्या देखरेखीखाली येत नाही, ही खरी मेख.

खऱ्या जाहिराती कशा असतात

त्या मला इतक्या आवडल्या की कामाचे दोन लेख राहिले. शेती बहुधा वसंतात किंवा उन्हाळ्यात विक्रीला निघते, म्हणजे पीक निघाल्यावर ताबा देता येतो. २९ सप्टेंबरचा मायकलमस हा सण खंडाने दिलेल्या शेतांचे करार संपण्याचा जुना दिवस. मोठं शेत लॉट पाडून विकतात. घर आणि गोठे एका लॉटमध्ये, कुरणं दुसऱ्यात, रान तिसऱ्यात. शेतांना नावंही असतात, गिरणीचं शेत, लांब कुरण, दहा एकर. आपल्याकडे विहिरीचं शेत, आंब्याखालचं शेत म्हणतात ना, अगदी तसंच.

नोंदीचा कारभार लँड रजिस्ट्रीकडे. थोडी फी भरून कोणीही कोणत्याही नोंदलेल्या जमिनीचा उतारा काढू शकतो, फक्त त्यात आपल्या सातबाऱ्यासारखी पिकाची नोंद नसते. जमीन विकली की नोंद करणं इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे सक्तीचं झालं ते १९९० मध्ये. ज्या घराण्यांनी त्यानंतर जमीन विकलीच नाही, त्यांची काही जमीन आजही रजिस्टरवर नाही.

उताऱ्यात आणि करारात कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. जमिनीखालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात. शिकारीचा हक्क तिसऱ्याचा. 'ओव्हरेज' नावाची अट असेल, तर पुढे पंचवीस-तीस वर्षांत घरांची परवानगी मिळून भाव वाढला की त्या वाढीतला ठरलेला हिस्सा आधीच्या मालकाला द्यावा लागतो. (आमच्या आजोबांना ही अट कोणी सांगितली असती तर!) शिवाय वहिवाटीच्या पायवाटा असतात. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर ती बंद करता येत नाही. शेतकऱ्याने ती नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते.

रानाचं तर वेगळंच. दोन-चार एकरांचे रानाचे तुकडे हौशी लोक घेतात. १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला तिथे प्राचीन रान म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत ब्लूबेलच्या निळ्या फुलांनी जमीन झाकलेली दिसली, की रान जुनं असल्याची ती एक खूण. पण मालक झालात तरी तिथे घर बांधून राहता येत नाही. झाडं तोडायला परवाना लागतो. त्याशिवाय तीन महिन्यांत पाच घनमीटरपर्यंतच लाकूड काढता येतं आणि त्यातलंही दोन घनमीटरच विकता येतं.

लोकांचा जीव या रानांत किती अडकलाय, ते २०११ मध्ये दिसलं. सरकारने इंग्लंडमधली सरकारी जंगलं विकायचा विचार मांडला, पाच लाखांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या, आणि मंत्री कॅरोलाइन स्पेलमन यांना संसदेत माफी मागून बेत गुंडाळावा लागला. शेतकरीही चिडतात. २०२४ मध्ये दहा लाख पाउंडांपेक्षा जास्त किमतीच्या शेतीवर वारसा कर लावायचं सरकारने जाहीर केलं, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर उभे राहिले. पुढे ती मर्यादा पंचवीस लाखांवर न्यावी लागली. कर भरायला जमीन विकावी लागेल, ही त्यांची भीती मामांना एका वाक्यात समजली.

दहापटीचा हिशेब मात्र त्यांना पटायला दोन फोन लागले. "पण मुलगा तिथे आहे ना गं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी मीच लेस्टरला मेसेज केला आणि दादा रविवारी ते शेत बघायला गेला. कुंपण नाही, पाटी नाही, तुकड्यांच्या खुणाही नाहीत. सबंध शेतात बार्ली उभी होती आणि मधल्या पायवाटेवरून एक आजी कुत्र्याला फिरवत होत्या. त्याने व्हिडिओ पाठवला.

मामांनी तो तीनदा पाहिला. बुकिंगचं नाव काढलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "विहीर कुठे दिसत नाही. पाण्याचं काय करतात हे लोक?"